शुक्रवारची फळे, रविवारचे सूप

धर्मग्रामाच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, विवाह आणि अंत्यविधी यांच्या तारखा सापडतात. त्या दिवशी घरात काय शिजले होते हे मात्र कुठेच सापडत नाही. मुंबई सरकारने १८८० साली प्रसिद्ध केलेल्या खानदेशच्या गॅझेटिअरात कापूस, जमीनमहसूल आणि भिल्ल पलटण यांवर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. चुलीवरच्या पातेल्याकडे त्या विद्वान अधिकाऱ्यांनी ओझरतेच पाहिले. इतिहास लिहिणारे बहुधा जेवून झाल्यावर लिहावयास बसतात, आणि जे जेवले ते लिहिण्याजोगे आहे असे त्यांना वाटत नाही. आम्हांला तसे वाटते, म्हणून हा लेखनप्रपंच.

जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, धुळे या पट्ट्यातील कॅथॉलिक घरांत दोन पातेल्यांची ओळख जुनी आहे. एक शुक्रवारचे आणि दुसरे रविवारचे. शुक्रवारच्या पातेल्यात तुरीचे वरण आणि त्यात सोडलेली कणकेची फळे. रविवारच्या पातेल्यात हाडांसकट मोठ्याचे मांस, बटाटे, कोबी, गाजर आणि शेवटी मूठभर मॅकरोनी. पहिल्याला वरणफळे म्हणावयाचे, दुसऱ्याला सूप. दोन्हींचे तंत्र एकच: पातळ रस आधी सिद्ध करावयाचा, मग गव्हाचा एखादा पदार्थ त्यात सोडावयाचा आणि त्याच रसात तो शिजू द्यावयाचा. भाकरी निराळी भाजावी लागत नाही, भात निराळा टाकावा लागत नाही. एका भांड्यात घरच्या सर्वांचे पोट भरते. असे असूनही एक पदार्थ 'आपला' आणि दुसरा 'साहेबी' अशी वाटणी आमच्या लोकांनी मनाशी करून ठेवली आहे. ती कितपत खरी, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम नावाचेच घ्या. सूप हा शब्द इंग्रजीतून आला असे आपण समजतो, आणि मॅकरोनीच्या सूपाबाबत ते खरेही आहे. परंतु संस्कृतातही सूप हा शब्द आहे आणि त्याचा अर्थ डाळीचे कालवण, म्हणजे आपले वरण. स्वयंपाक्याला सूपकार म्हणत, पाकशास्त्राला सूपशास्त्र. उलट युरोपीय शब्दाचा मूळ रोख रसात बुडवलेल्या पावाच्या तुकड्याकडे होता. या दोन शब्दांचे एकमेकांशी नाते नाही, निव्वळ ध्वनींचा योगायोग आहे. (धान्य पाखडण्याचे सूप तर तिसरेच; ते शूर्प या शब्दावरून आले.) तेव्हा शब्दांच्या हिशेबाने पाहिले तर शुक्रवारचे वरण हेच अस्सल सूप ठरते, आणि पीठ रसात भिजवण्याची गोष्ट दोन्हीकडे सारखीच.

शुक्रवार आणि रविवार अशी ही विभागणी स्वयंपाकघरात झालेली नाही. ती धर्मनियमाने केली. १९१७ साली पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी जो धर्मविधिसंग्रह जाहीर केला, त्यात मांसवर्जनाच्या दिवशी केवळ मांसच नव्हे, तर मांसापासून केलेला रस्साही वर्ज्य ठरवला होता. हे कलम वाचताना आम्हांला नेहमी मौज वाटते. कारण रोममध्ये बसून हे लिहिणाऱ्याला स्वयंपाकघरातील पळवाटा पुरत्या ठाऊक होत्या. मांसाचे तुकडे बाजूला काढून नुसता रस्सा ओरपणारे भाविक इटलीतही असणारच! हाडांच्या पाण्यात मांसाचे सारे सत्त्व उतरते, हे स्वयंपाकिणीला जसे कळते तसे त्या कायदेपंडितांनाही कळले होते. पुढे १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवास आणि मांसवर्जन यांचे नियम नव्याने घालून दिले. त्यांत मांसवर्जन राहिले, रस्स्याचा निराळा उल्लेख गळाला, आणि स्थानिक परिस्थिती पाहून प्रायश्चित्ताचे अन्य मार्ग ठरवण्याची मोकळीक बिशप मंडळांना मिळाली. तथापि सवय कायद्याहून चिवट असते. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार सोडाच, एरवीच्या शुक्रवारीही अनेक घरांत आजतागायत फळेच शिजतात, आणि ती कोणत्या नियमामुळे शिजतात हे घरातील तरुणांना सांगता येत नाही.

फळे ही खानदेशात कुणी आणून दिलेली वस्तू नव्हे. वऱ्हाडात त्यांना चकोल्या म्हणतात, गुजरातेत दाळढोकळी; खानदेश या दोहोंच्या मध्ये वसला आहे आणि पदार्थही तसाच मध्यावर आहे. कणीक तेल-मीठ-हळद घालून घट्ट भिजवावी, पोळी लाटून तिच्या शंकरपाळ्याच्या आकाराच्या वड्या कापाव्या, आणि लसणाची खमंग फोडणी दिलेल्या, चिंच-गुळाने जरा आंबटगोड केलेल्या उकळत्या वरणात एकेक करून सोडाव्या. सगळ्या एकदम टाकल्या तर त्यांचा गोळा होतो. खानदेशी माणसाला पिठाचे काहीबाही रश्श्यात सोडण्याचा नादच आहे. डाळीच्या पिठाचे डुबुकवडे घ्या, पाटवड्यांचा रस्सा घ्या, शेवेची भाजी घ्या. ज्या प्रदेशात उन्हाळ्यात भाजीपाला मिळणे दुरापास्त होते, तिथे कोठीतल्या पिठानेच भाजीची जागा घ्यावी हे ओघानेच आले.

आता मॅकरोनीकडे वळू. इटलीचा हा पदार्थ मार्को पोलोने चीनहून आणला अशी एक कथा सर्वत्र सांगितली जाते. ती खोटी आहे. मार्को पोलोच्या जन्माआधी शंभर वर्षे, ११५४ साली, सिसिलीच्या राजा रॉजरच्या दरबारातील अरब भूगोलज्ञ अल् इद्रिसी याने पालेर्मोजवळच्या त्राबिया या गावी पिठाच्या वाळवलेल्या शेवया मोठ्या प्रमाणावर होतात आणि जहाजांनी दूरदूरच्या मुसलमानी व ख्रिस्ती मुलखांत जातात, असे लिहून ठेवले आहे. या वाळवणाचे रहस्य गव्हाच्या जातीत आहे. त्याला कडक दाण्याचा, चिवट पिठाचा गहू लागतो. साधा मऊ गहू घेतला तर शेवई पाण्यात विरघळते. हा कडक गहू परका नाही. आपल्याकडे ज्याला बन्सी म्हणतात तो त्याच जातीचा. माळव्यापासून खानदेशपर्यंतच्या काळ्या जमिनीत, पाटपाण्यावाचून, केवळ थंडीच्या ओलाव्यावर तो पिके आणि शेवया-रव्यासाठी तोच पसंत केला जाई. हरितक्रांतीनंतर संकरित व सुधारित वाण आले, पुढे गुजरातेतील सणोसरा येथील लोकभारती संस्थेत निपजलेला लोकवन घरोघर पोहोचला, आणि बन्सीचा पेरा आक्रसला. आजची फळे बहुधा लोकवनाच्या कणकेची असतात. जुन्या बायकांची तक्रार अशी की ती पूर्वीसारखी दाताखाली लागत नाहीत. ही तक्रार केवळ वयाची नव्हे, गव्हाची आहे.

चैत्र-वैशाखातील वाळवणाच्या दिवसांत आपल्या अंगणात काय चाले ते आठवून पाहावे. शेवया, कुरडया, तांदळाएवढे बारीक गव्हले, नखाने दाबून केलेल्या नखुल्या, बोटवे, मालत्या. लग्नाच्या रुखवतात त्यांची मांडणी होई. वऱ्हाडात तर बारीक काडीभोवती पिठाची पट्टी गुंडाळून, काडी ओढून घेऊन, पोकळ सरगुंडे करतात आणि आमरसाशी खातात. पोकळ असल्यामुळे रस आत शिरतो. मॅकरोनीच्या नळीचे प्रयोजनही तेच. ज्या घरातील स्त्रिया हे सारे हाताने करीत, त्यांना पुडक्यातील मॅकरोनी पाहून नवल वाटले असेल ते आकाराचे नव्हे. पैसे देऊन शेवया विकत घेतात, याचेच वाटले असेल.

मग ही मॅकरोनी मांसाच्या रश्श्यात कशी पडली आणि खानदेशात कशी आली? याचे उत्तर रुळांवरून येते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेली आगगाडी १८६५ साली थळघाट चढून गेली आणि त्या दशकातच तापीच्या खोऱ्यात पोहोचली. भुसावळला लोहमार्ग दुभंगला. एक फाटा नागपूरकडे, दुसरा खांडव्यावरून जबलपूरकडे. १८७० साली जबलपूरला मुंबईचे रूळ कलकत्त्याच्या रुळांना मिळाले. लहानशा खेड्याचे मोठे जंक्शन झाले. इंजिनांची शेड, कर्मचाऱ्यांच्या चाळी, साहेबांचे बंगले, बाहेरगावच्या ड्रायव्हर-गार्डांना विसाव्यासाठी रनिंग रूम हे सारे उभे राहिले. त्या वस्तीत अँग्लो-इंडियन होते, तमिळ होते आणि गोव्याचे लोकही होते. मुंबई इलाख्यात जिथे जिथे साहेबी स्वयंपाकघर होते, तिथे गोव्याच्या स्वयंपाक्याला मान होता. गोव्यातील ख्रिस्ती घरांत हाडांच्या रश्श्यात मॅकरोनी व भाज्या घालून केलेले सूप पोर्तुगीज अमदानीपासून रुजलेले. मॅकरोनीला पोर्तुगीजांत मकराँव म्हणतात. त्या सूपातील कोबी व बटाटा हे दोन्ही शब्दसुद्धा त्याच भाषेने मराठीला दिले. पाव तर दिलाच. आमचा कयास असा की भुसावळच्या रेल्वे वसाहतीतून हे पातेले प्रथम आसपासच्या मराठी ख्रिस्ती घरांत गेले आणि तिथून जळगाव-चाळीसगावकडे सरकले. एकाच मिस्सेला येणारी माणसे शेवटी एकमेकांच्या घरी जेवतातच.

धुळ्याकडची वाट जराशी निराळी. तिथे रेल्वेचा नुसता फाटा. वस्ती शेतकरी, मजूर आणि सातपुड्याच्या अंगाने राहणाऱ्या आदिवासींची. तिथल्या मुलांना परकी अन्ने प्रथम भेटली ती मिशनच्या बोर्डिंगात. १९५०नंतरच्या दशकांत अमेरिकेचे शिलकी धान्य चर्चच्या मदतसंस्थांमार्फत येऊ लागले. १९७२च्या दुष्काळाची आठवण असलेल्यांना दूधभुकटी आणि बलगर हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. उकडून भरडलेला तो गहू डाळीत टाकून मोठ्या डेगीत शिजवीत. त्याची चव कुणी वाखाणल्याचे ऐकिवात नाही. परंतु एका भांड्यात गहू आणि रस एकत्र शिजवण्याची रीत तिथेही तीच होती.

इथवरची हकीकत सोपी आहे. रविवारच्या पातेल्याचे दुसरे मूळ सांगणे तितके सोपे नाही, आणि आमच्या पानांवर ते फारसे कुणी सांगितलेले नाही. मराठी ख्रिस्ती समाजातील मोठा भाग गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतून आला आहे. तिथे हे मांस गोव्याच्या कूकने आणलेले नव्हते. गावातील मेलेले ढोर ओढून नेणे हे त्या वस्तीवर लादलेले काम होते आणि त्याचे मांस हा त्या कामाचा मोबदला मानला जाई. जे एका दिवसात संपत नसे त्याच्या लांब पट्ट्या कापून, वाळवून, चान्या करून ठेवीत. पावसाळ्यात त्या पाण्यात उकळून रस्सा करीत आणि त्यात असेल ते पीठ लावीत. मार्च १९२७मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस सोडा, असे निक्षून सांगितले. त्या सांगण्यात आहाराचा विचार होता, त्याहून अधिक माणुसकीचा होता: दुसऱ्याने टाकलेले आम्ही उचलणार नाही. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या ग्रंथात मराठवाड्यातील दलितांच्या अन्नाची अशी कहाणी सविस्तर मांडली. तो ग्रंथ आमच्या घरांतूनही वाचला जावा असे आम्हांला वाटते. खानदेशचे असे पुस्तक अद्याप व्हावयाचे आहे.

मिशनच्या आश्रयाला आलेल्या कुटुंबांनी आपल्या जुन्या वस्तीबद्दल मौन पाळले, आणि त्या मौनात पातेलेही झाकले गेले. 'सूप' हा शब्द त्यांच्या उपयोगी पडला. रस्सा म्हटले की कुठल्या आळीतला, हा प्रश्न येई. सूप म्हटले की तो येत नसे. मांस आता कसायाकडून, पैसे मोजून, ताजे आणले जाई. त्यात मॅकरोनी पडली की पाहुण्यासमोर मांडावयास संकोच उरत नसे. हे ढोंग होते असे आम्ही म्हणणार नाही. ज्या माणसाला पिढ्यानपिढ्या त्याच्या ताटावरून ओळखले आणि हिणवले गेले, त्याने ताटाचे नाव बदलले तर त्यात त्याचे काय चुकले? तथापि त्यामुळे एक गोष्ट घडली. 'हे सूप गोव्याचे' असे आम्ही मुलांना सांगितले. आजीच्या चान्यांचा रस्सा त्याचा सख्खा पूर्वज होता, हे सांगितले नाही.

कृतीबद्दल चार शब्द लिहिल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही. नळीची हाडे आणि पायाकडचे शिरांचे मांस घ्यावे. पुठ्ठ्याचे नरम मांस सूपाला निरुपयोगी. शिरांत जो चिवट भाग असतो तो मंद आचेवर तासन्‌तास राहिला की विरघळून रसाला अंगचाच दाटपणा आणतो. थंड झाल्यावर रस खिरीसारखा थिजतो तो त्यामुळेच. मांस गार पाण्यातच चढवावे, उकळी येताना वर येणारा फेस काढून टाकावा आणि मग आच कमी करावी. पूर्वी खानदेशात पऱ्हाट्यांचे सरपण मुबलक; परंतु पऱ्हाटी भडकते आणि विझते. म्हणून पहिली उकळी पऱ्हाट्यांवर आणि पुढचे तीन-चार तास गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर, असा बेत असे. सकाळच्या मिस्सेला निघताना पातेले निखाऱ्यावर ठेवावयाचे. उपदेश लांबला तरी मांसाचे नुकसान होत नसे. १९५९च्या सुमारास देशात प्रेशर कुकर बनू लागले, यथावकाश ते आमच्या घरांतही आले आणि चार तासांचे काम तासाभरावर आले. वेळ वाचला, परंतु कुकरच्या उकळीने रस गढूळ होतो. निखाऱ्यावरचा नितळ असे. कांदा, आले, मिरी, एखादी दालचिनीची काडी एवढाच गोव्याचा मसाला. खानदेशी घरात तिथेही लसूण आणि चिमूटभर काळा मसाला पडतोच. भाज्या मांस शिजल्यावर घालाव्या आणि मॅकरोनी सर्वांत शेवटी, पानावर बसण्याआधी दहा मिनिटे.

आता या पातेल्यातील मांसाविषयी. महाराष्ट्रात १९७६च्या प्राणिसंरक्षण अधिनियमाने गाईच्या कत्तलीस बंदी होती. बैल आणि वळू यांना ती लागू नव्हती. १९९५ साली विधिमंडळाने ती बैल-वळूंनाही लागू करणारी दुरुस्ती संमत केली. राष्ट्रपतींची संमती मिळून ती अमलात आली २०१५च्या मार्चमध्ये, म्हणजे वीस वर्षांनी. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. मे २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. परराज्यातून कायदेशीररीत्या आलेले मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मात्र रद्द केले, आणि माणसाने आपल्या घरात काय खावे हा त्याच्या खाजगी आयुष्याचा भाग असल्याचे मानले. म्हशी-रेड्याच्या मांसाला ही बंदी लागू नाही. त्यामुळे २०१५नंतर या सूपात जे पडते ते म्हशीचे वा रेड्याचे. ते गडद रंगाचे, धाग्याने जाड आणि शिजावयास हट्टी. कुकरला दोन शिट्या अधिक लागतात. कायद्याने मोकळीक असली तरी पिशवी हाती घेऊन बाजारातून घरी येताना माणूस पूर्वीइतका निर्धास्त चालत नाही, हेही नमूद केले पाहिजे. कित्येक घरांनी हाडे बोकडाची घ्यावयास सुरुवात केली. काहींनी कोंबडीवर भागवले. कोंबडीच्या सूपात चव असते, परंतु ते थिजत नाही, आणि थिजले नाही तर ते रविवारचे सूप नव्हे, असे म्हणणारी वडील मंडळी भुसावळला अजून आहेत.

नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुण्याहून वेगळा झाला आणि खानदेश त्यात आला. तेव्हापासून धर्मग्रामांच्या सणाला निरनिराळ्या भागांची माणसे अधिक एकत्र येतात. अशा मेळाव्याच्या सामुदायिक जेवणात हे सूप नसते; तिथे भात, वरण आणि कोंबडीचा रस्सा. शेजारी, पाहुणे, इतर धर्मांचे स्नेही पंगतीला असतात आणि त्यांना अवघड वाटू नये ही त्यामागची भावना रास्तच आहे. सूप घरात राहिले आहे: आजाऱ्यासाठी, बाळंतिणीसाठी, परगावाहून आलेल्या मुलासाठी, आणि रविवारसाठी.

ते उरले तर काय करावयाचे, हे मात्र प्रत्येक घरात एकाच पद्धतीने ठरलेले दिसते. रात्रभरात मॅकरोनी सगळा रस पिऊन फुगते आणि सकाळी पातेल्यात पळी उभी राहते. मग त्यात आधणाचे पाणी ओतून, चिमूटभर मीठ आणि लसणाची नवी फोडणी देऊन, सोमवारी न्याहारीला ते पुन्हा वाढतात. शुक्रवारची फळे उरली तर शनिवारी सकाळी त्यांचेही असेच करतात.